पहिलं माहेरी, दुसरं सासरी, कागद कुठे?

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सातारा
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली

विषय : अवघड बाळंतपणातून गेलेल्या बाईला, दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी, तिच्या पहिल्या बाळंतपणाची लेखी हकिगत मिळण्याबाबत.



पत्र एक आणि नावं दोन, याचं कारण आधी सांगते. आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी ही रीत अजून टिकून आहे, आणि सोयरिकी काही जिल्ह्याची हद्द बघून जुळत नाहीत. खटावच्या लेकी तासगावात येतात, आटपाडीच्या माणमध्ये जातात, कराडच्या वाळव्यात नांदतात. पहिल्या खेपेला बाई एका जिल्ह्याच्या रजिस्टरात असते, दुसऱ्या खेपेला दुसऱ्या जिल्ह्याच्या रजिस्टरात नव्याने लिहिली जाते. नर्सताई विचारतात, "पहिल्या वेळी काही त्रास?" बाई सांगते, "बी.पी. वाढलं होतं." रकान्यात तेवढंच उतरतं.

आपण म्हणाल, आर.सी.एच. पोर्टलवर प्रत्येक गरोदर बाईला नंबर मिळतो, तो तिच्याबरोबर सगळीकडे जातो. नंबर जातो, मान्य. पण रात्री दोन वाजता खासगी दवाखान्यात काय घडलं, बाळ कितव्या आठवड्यात काढलं, आत छेद कसा घेतला, यातलं किती त्या नंबरामागे जातं? आणि जे जातं ते त्या बाईला कधी वाचायला मिळतं?

माझं माहेर खटाव तालुक्यातलं, सासर तासगाव तालुक्यातलं. पहिल्या वेळी आठव्या महिन्यात पायावर सूज आली, मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. वडूजहून साताऱ्याला नेलं, रातोरात सिझर झालं, बाळ काचेच्या पेटीत राहिलं. मुलगी आता अंगणवाडीत जाते आणि अख्खा वाडा डोक्यावर घेते, तेव्हा तिची काळजी नको. सांगायचं ते डिस्चार्जच्या कागदाबद्दल. त्यावर औषधांची नावं होती, टाके दाखवायची तारीख होती आणि निदानाच्या जागी इंग्रजी आद्याक्षरं होती. पुढच्या वेळी काय, हे त्यावर नव्हतं, तोंडीही कुणी सांगितलं नाही. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी कागद तसाच असतो. आजूबाजूच्या बायकांचे कागद मी मागून बघितले आहेत.

आता घरात दुसऱ्याची बोलणी चालू आहेत. सासूबाई म्हणतात, एकाला दोन बरी, तिच्या पाठीवर कुणीतरी हवं. आई म्हणते, नको गं बाई, तुला एकदा परत मिळवलीय. नवरा काही बोलत नाही. त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यावर बसून त्याने काय काय मनात आणलं असेल ते मी विचारलेलं नाही, त्यानेही सांगितलेलं नाही. शेजारीण विचारते, "पहिली मुलगीच ना?" यातलं कुणीही वाईट नाही. पण चौघंही अंधारात आहेत, कारण ज्या माहितीवर हा निर्णय उभा राहायला हवा ती चौघांतल्या कुणाकडेच नाही. ती माझ्याकडेही नव्हती. इकडून तिकडून, वाचून-विचारून जी थोडी गोळा झाली ती पुढे मांडते, म्हणजे आपल्या लक्षात येईल की मी सहानुभूती मागत नाही.

गरोदरपणात बी.पी. वाढून लघवीत प्रथिनं जाऊ लागतात, त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. झटके येतात ती त्याची पुढची पायरी. तो पुढच्या खेपेला परत होतो का, या प्रश्नाला ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सरळ उत्तर दिलेलं आहे: साधारण सहाजणींत एकीला. पण पहिल्या वेळी त्यापायी बाळंतपण ३४ ते ३७ आठवड्यांत झालं असेल तर चौघींत एकीला, आणि २८ ते ३४ आठवड्यांत झालं असेल तर तिघींत एकीला. सहातली एक आणि तिघींतली एक, यात किती अंतर आहे हे आपणांस सांगायला नको. आमच्या घरात मात्र "आठवा महिना" एवढंच माहीत. आठवा महिना म्हणजे बत्तिसावा आठवडा की पस्तिसावा? आईच्या आठवणीत तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. सासूबाईंच्या मते रथसप्तमी होऊन गेली होती. माझी जोखीम सध्या या दोन सणांच्या मध्ये कुठेतरी आहे.

मग दवाखान्यातून जुनी केस काढावी. इथे एक गंमत आहे, म्हणजे हसू येणारी नव्हे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये शिफारस केली की एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत. आपली आरोग्य खात्याची भिंतपत्रकं तर दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर ठेवा म्हणून सांगत आली आहेत. सरकारचं ऐकून जी बाई नीट तीन वर्षं थांबते, तिच्या हाताशी कागद उरेल याची हमी सरकारचाच नियम देत नाही. जी थांबत नाही, तिचे कागद सापडतील. ७२ तासांचा नियम बायकांना कुणी सांगत नाही. निदान या पत्रामुळे चार जणींना कळला तरी पुष्कळ.

आता वेळेचा हिशेब. ज्यांना आधी प्रीएक्लॅम्पसिया झाला आहे त्यांना पुढच्या गरोदरपणात ॲस्पिरिनची छोटी मात्रा देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्रे नावाच्या चाचणीत जास्त जोखमीच्या १,७७६ बायकांचा अभ्यास होता. रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी १.६ टक्क्यांना ३७ आठवड्यांच्या आत प्रीएक्लॅम्पसिया झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४.३ टक्क्यांना. साधी, स्वस्त, प्रत्येक तालुक्याच्या औषध दुकानात मिळणारी गोळी. अट एकच की ती साधारण बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत सुरू व्हावी, आणि अर्थात डॉक्टरांनी बघून.

बाराव्या आठवड्यापर्यंत नोंदणी, हे आपलं उद्दिष्ट. समजा, जतमधल्या किंवा पाटणमधल्या एखाद्या बाईची नोंदणी बरोबर बाराव्या आठवड्यात, महिन्याच्या दहा तारखेला झाली. तज्ज्ञ डॉक्टरांची तपासणी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, दर महिन्याच्या ९ तारखेला. म्हणजे पुढची ९ तारीख येईतो सोळावा आठवडा उजाडला. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मिरजेला किंवा कराडला दाखवून या, तर एस.टी., सोबतीला माणूस आणि बुडालेला रोजगार यांची जुळवाजुळव होईतो सतरावा. कुणी काम चुकवलं नाही. रजिस्टर भरलेलं, उद्दिष्ट गाठलेलं, आणि गोळीची वेळ निघून गेली. हे टळायचं असेल तर एकच मार्ग, तिला दिवस जाण्याआधीच माहीत हवं की आपण कळल्या कळल्या डॉक्टर गाठायचे आहेत आणि अमुक गोष्ट विचारायची आहे.

सगळ्यांचा त्रास बी.पी.चाच असतो असं नाही. जिचं सिझर झालं तिला बाहेरचा टाका आडवा दिसतो, पण आतला, गर्भपिशवीवरचा छेद उभा घेतलेला असू शकतो. तसा असेल तर पुढच्या वेळी कळा येऊ देणंच धोक्याचं, आणि हे पोटावरून हात फिरवून कुणालाही कळत नाही. जिला गरोदरपणात साखर झाली तिची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा साखर तपासावी असं केंद्र सरकारचंच मार्गदर्शन आहे. सहाव्या आठवड्यात आमच्याकडे बाई शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि बाळाच्या रडण्यात बुडालेली असते. उपाशीपोटी जाऊन साखर तपासायची असते हे कुठे लिहिलेलंच नसेल तर तिला आठवणार कसं? जिचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह, तिला ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन मिळालं होतं की नाही, हा पुढच्या बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे. "एक इंजेक्शन दिलं होतं बघा" एवढ्यावर तो सोडवता येत नाही.

मागणी साधी आहे. डिस्चार्जच्या दिवशी मराठीत अर्धं पान: काय झालं, कितव्या आठवड्यात झालं, काय केलं, पुढच्या वेळी दिवस जाण्याआधी काय तपासायचं आणि दिवस गेल्यावर कितव्या आठवड्यापर्यंत कुणाला गाठायचं. ते माता बाल संरक्षण कार्डातच चिकटवा. कार्ड घरोघरी जपलं जातं, कारण मागच्या पानांवर बाळाच्या लसींच्या तारखा असतात. पुढची, आईची पानं बाळंतपण झालं की कुणी उघडत नाही. अभियानात जोखमीच्या बायकांच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात ना, तो लाल रंग बाळंतपणानंतरही काहीतरी सांगतो, एवढं त्या पानाने सिद्ध करावं.

आणि आईला एकदा तपासा. ४२ दिवसांनंतर बाई आपल्या हिशेबातून निघून जाते ती पुन्हा दिवस जाईपर्यंत. खरं तर ती कुठे जात नाही. बाळाला घेऊन ती दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी लसीला येते, नऊ महिन्यांनी गोवर-रुबेलाला येते, दीड वर्षाच्या सुमाराला बूस्टरला येते. आशाताई एच.बी.वाय.सी. योजनेत तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, बाळाचं वजन विचारतात, पेज-खिमटी विचारतात. त्याच दिवशी आईच्या दंडाला बी.पी.चा पट्टा बांधायला किती वेळ लागतो? प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या बायकांना पुढे आयुष्यभर हृदयविकाराचा धोका दुपटीच्या आसपास असतो, रक्तदाबाचा तर त्याहून जास्त. दुसरं मूल हवं असो की नको, पट्टा बांधायला हवाच. फक्त हे काम आशांच्या अंगावर फुकट टाकू नका. त्यांच्याकडे आधीच इतकी रजिस्टरं आहेत, की नवं काही सुचवायचं म्हणजे मलाच संकोच होतो. कामाला मोबदला जोडा, नाहीतर रकाने घरी बसून भरले जातील.

लसीच्या दिवसाची ही युक्ती एका बाईला लागू पडत नाही: जिचं बाळ गेलं. तिला लसीला यायचं कारण नाही. तिचं कार्ड कपाटाच्या तळाशी गेलेलं असतं, नाहीतर कुणीतरी "तिच्या नजरेला नको" म्हणून टाकून दिलेलं असतं. पाचवीला सटवाई येऊन लिहून गेली, आपल्या हातात काय आहे, अशी तिची समजूत घातली जाते, आणि वर सल्ला मिळतो, लवकर दुसरं होऊ दे म्हणजे विसरशील. सगळ्यात जास्त माहितीची गरज जिला, तिच्याकडे सगळ्यात कमी कागद, आणि घाई सगळ्यात जास्त तिलाच. तिच्याकडे आशाताईंनी मुद्दाम जावं. बाळ नसलेल्या घरात जायला त्यांचेही पाय उचलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी जावं.

मातामृत्यूच्या आकड्यात महाराष्ट्र बरा आहे, हे मी जाणते. २०१८ ते २० या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. माझ्यासारखीचा त्यात कुठे मागमूस नाही, कारण मी वाचले. मरणाच्या दारातून परतलेल्या मातांच्या प्रकरणांचा आढावा कसा घ्यावा याची मार्गदर्शक पुस्तिका केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्येच काढली आहे. जिथे असा आढावा होतो तिथे कुणीतरी कागद लावून बघतं, की ही बाई कुठे उशिरा पोहोचली, रक्ताची पिशवी कुठे अडली, काय केलं म्हणून वाचली. ते सगळं त्या बाईबद्दल असतं, आणि तिच्याखेरीज सगळ्यांना कळतं. ब्रिटनमधल्या बऱ्याच रुग्णालयांत बाळंतपणानंतर सुईणीसमोर बसून आपली केस पुन्हा समजून घेता येते. आपल्याकडे तेवढे हात नाहीत, हे खरं. पण अर्ध्या पानाला किती हात लागतात?

शेजारणीचा "पहिली मुलगीच ना?" हा प्रश्न मी मघाशी तसाच सोडला, कारण तो आपल्या दोन जिल्ह्यांत टाळून चालत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये नकुशी नावाच्या २८५ मुलींचं नव्याने बारसं झालं. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका विवाहितेचा बेकायदा गर्भपातात जीव गेला आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेल्या १९ भ्रूणांचे अवशेष निघाले. साताऱ्यात राहून वर्षा देशपांडे गर्भलिंगनिदानाविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या, २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. या मातीत "दुसरं कधी?" हा प्रश्न साधा नसतो. पहिली मुलगी असलेल्या बाईचं शरीर सावरलं की नाही याची चौकशी व्हायच्या आत वंशाचा दिवा मध्ये येतो. मातृवंदना योजनेत आता दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. हेतू चांगला आहे, मुलगी जन्मली म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या घराला तेवढा चिमटा बसतो. पण हे पैसे दुसरं जन्मल्यावर. दुसऱ्याच्या आधी बाईची साखर, रक्त, बी.पी. तपासायला तालुक्याला जायचं तर त्याच्या एस.टी. भाड्याची तरतूद कुठल्याच योजनेत मला सापडली नाही.

म्हणून ते अर्धं पान वाचून दाखवताना सासूला आणि नवऱ्याला बसवून घ्या. मी सांगितलं तर "भित्री आहे" होतं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलं की तेच वैद्यकीय मत होतं. माझी सासू ऐकणारी बाई आहे. तिची स्वतःची दोन बाळंतपणं सुईणीच्या हातची, एक शेतात. तिला जोखीम म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त तिच्याशी कुणी कधी त्या भाषेत बोललेलं नाही.

आणि कुणी "एकच पुरे" म्हणाली तर तिच्या या निर्णयालाही तेवढीच मदत हवी. तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. जिचं बी.पी. अजून उतरलेलं नाही तिला माला-एनसारख्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊ नयेत, हेही त्या पानावर यावं. नाहीतर जावेच्या पाकिटातली गोळी उसनी घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

एक गट माझ्या मनातून जात नाही, तो गलाईवाल्यांच्या घरचा. विटा, आटपाडी, तासगावची ही माणसं सोनं-चांदी गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात गेली, पाठोपाठ बायका गेल्या. कुणाचं पहिलं बाळंतपण कोईमतूरला, कुणाचं केरळात. कागद इंग्रजी, सल्ला तमिळमध्ये किंवा मल्याळममध्ये सांगितलेला, आणि दुसऱ्यासाठी बाई गावी परतते. तिला "पहिल्या वेळी काही त्रास?" विचारून काय हाती लागणार? यात्रेला, दिवाळीला ही कुटुंबं गावी येतात. तेव्हा उपकेंद्रात त्यांचे जुने कागद वाचून मराठीत उतरवून देणारा एक दिवस ठेवला तरी पुष्कळ होईल.

हे सगळं अशक्य नाही. नाशिक जिल्ह्यात सिन्नर आणि पेठ तालुक्यांत, दिवस जाण्याच्या आधीपासून बायकांची काळजी घेण्याचा प्रयोग पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने युनिसेफच्या मदतीने करून पाहिला आहे. भारती विद्यापीठ म्हणजे आपल्या सोनसळच्या पतंगराव कदमांनी उभं केलेलं. त्यांच्याच जिल्ह्यात तो उशिरा यावा, याचं मला थोडं वाईट वाटतं.

सुरुवात माण-खटाव आणि खानापूर-आटपाडी या चार तालुक्यांत करा. हद्द इथेच आहे आणि लेकी-सुना इथेच ये-जा करतात. दोन्ही कार्यालयांनी एकच छापील अर्धं पान ठरवावं, म्हणजे वडूजला लिहिलेलं विट्याच्या नर्सताईंना विचारपूस न करता वाचता येईल. खासगी दवाखान्यांनाही तेच पान द्या. आमच्याकडची बरीच सिझर तिथेच होतात.

माझ्या स्वतःच्या निर्णयाबद्दल आपण विचाराल तर तो अजून झालेला नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात मी जुन्या कागदांसाठी लेखी अर्ज दिला आहे. ७२ तासांचा नियम त्यात नमूद केला आहे, आणि अर्जाची पोच घेतली आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
तासगाव तालुक्यातली एक सून, खटाव तालुक्यातली एक लेक